दस्तगीरने सोडलेला चहा

दस्तगीर गेल्याचा निरोप आला तेव्हा लेथ चालू होता. हातातला जॉब मी पुरा केला, मगच यंत्र बंद केलं. लोक म्हणतात, धक्का बसला असेल. असेलही. पण महिना उलटला तरी डोळ्यांत पाणी म्हणून आलेलं नाही... आत नुसतं बधिर आहे.

शिवाजी पेठेतल्या एकाच तालमीत आम्ही वाढलो. पुढे त्याने फरशीचं दुकान टाकलं, मी लेथ. नव्वदच्या दशकात त्याने चार मित्रांबरोबर दुकानामागच्या खोलीत एक फंड काढला. ज्याला जमेल त्याने पैसे ठेवायचे, अडलेल्याला द्यायचे. व्याज घ्यायचं नाही आणि द्यायचंही नाही, कारण त्यांच्या धर्मात व्याज हराम. मी यथेच्छ टिंगल केली. "ठेवीवर दमडी न्हाय, मग पैसे ठेवणार कोण, तुझा सासरा?" तो म्हणाला, "ठेवल्यात की सासऱ्यानं बी." माझी पुंजी मात्र घसघशीत व्याज देणाऱ्या पतसंस्थेत होती. मग मंदी आली, कारखान्यांच्या ऑर्डरी आटल्या, आणि त्यातच एका सकाळी त्या पतसंस्थेला कुलूप दिसलं. लेथ विकायची पाळी आली. तेव्हा दस्तगीरच्या फंडाने पैसे दिले आणि हाताला काम येईपर्यंत हप्त्याचा तगादा लावला नाही. पेठेतले सगळ्या जातीधर्मांचे लोक त्या काळात त्या खोलीने तारले.

पण मला पैसे दिले त्या दिवसापासून त्याने आमच्याकडचा चहा सोडला. वर्षानुवर्षं रोज सकाळी आमच्या स्वयंपाकघरात बसून चहा पिणारा माणूस आता दारातूनच बोलून जायला लागला. बायको दुखावली. एकदा तिने त्याला अडवलंच.

"आमच्या हातचं चालंना व्हय आता, भावजी?"

"तसं न्हाय, वैनी. पैसे दिल्यात न्हवं? फिटंपर्यंत तुमचा चहा म्हंजी याजच की."

"आन् आधी प्यालासा ते?"

"मौलाना बी त्येच म्हणत्यात, आधीपास्नं पितोस तर चालतंय. पर कुठला घोट दोस्तीचा आन् कुठला कर्जाचा, मला कसं कळायचं?"

मला संताप आला होता. घरच्या माणसाला दारात उभा करणारा हा कसला हिशेब! मग मीही हट्टाला पेटलो. रविवारीसुद्धा लेथ चालवून हप्ते फेडायला लागलो, केवळ त्याला परत आत आणून बसवायचं म्हणून. एकच हप्ता उरला होता... आणि त्याच्या हृदयाने दगा दिला.

गेल्या आठवड्यात तो हप्ता घेऊन गेलो. फंडाचं काम आता त्याची मुलगी बघते. तिने नोटा मोजल्या आणि गल्ल्यात न टाकता बाकावर कर्जासाठी बसलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या हातात दिल्या. "फिटलं बघा तुमचं, काका," ती म्हणाली.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "फिटलं?"

"फिटलं," म्हटलं. "आता चहाला यायला मोकळा हाय त्यो."