एक सूत आणि इस्माईलमामू

इस्माईलमामू नसते, तर सौदीतून माझी उचलबांगडी प्रोबेशनमध्येच झाली असती.

आज सकाळी मामू वारले. हर्णैला, स्वतःच्या घरी.

त्यांच्या मुलीचा फोन आला. "काका, अब्बा..." एवढ्यावरच कळलं मला.

मामू म्हणजे इथल्या, बुरैदा शहरातल्या आमच्या गॅरेजचे फोरमन. सख्खा भाचा एकही नाही, पण गल्लीतली सगळी गॅरेजं त्यांना मामूच म्हणायची.

मी कागलचा. गेट, ग्रिल, शेड बनवणारा फॅब्रिकेटर. एजंटने पाठवलं, इथे उतरलो, बघतो तर समोर सगळ्या गाड्याच गाड्या! आयला, म्हटलं, आता काय?

कफील म्हणजे आमचा मालक. त्याचं एकच पालुपद. "हा दरवाजेवाला आहे. गाडीला हात लावू देऊ नका."

तेवढ्यात अबू सालेह आले. खजुराच्या बागेचे मालक, वय झालेलं. सोबत त्यांची तरुणपणी घेतलेली लांबलचक पिकअप.

म्हणाले, हिला आखूड करा.

का? तर त्यांची मान वळत नव्हती. खजुराच्या दोन रांगांमध्ये ती लांब गाडी एका दमात फिरायची नाही. रिव्हर्स घ्यावी लागायची, आणि मागे बघता यायचं नाही. मुलं म्हणायची, नवी घ्या. म्हातारा म्हणायचा, तुम्ही घ्या की!

मामूंनी ते काम सरळ माझ्या गळ्यात मारलं.

"मामू, मला गाडीतलं काय कळतंय?"

"अरे बावा, चासी म्हणजे काय? आडवं पाडलेलं गेट! दोन लांब पट्ट्या, मध्ये आडव्या. कर सुरू."

माल भरायचा मागचा हौदा उतरवला. चासीला पुढून-मागून टेकू दिले. केबिन आणि मागचा एक्सल यांच्यामधला तुकडा काढायचा होता. मी सरळ रेघ मारली, तर मामूंनी खडूच काढून घेतला. "सरळ नको. पायरी पायरीने काप. सरळ कापलंस तर सगळा भार एका रेघेवर येतो."

तुकडा काढला. दोन्ही भाग जवळ आणून वेल्डिंगचे टाके मारले. मग टेप घेऊन तिरकं माप घेतलं, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात आणि उलट.

मामू ओरडले, "एक सूत मारतंय रे!"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन तिरक्या मापांत तेवढा फरक येत होता. आपल्याकडच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये विचारा.

अबू सालेह स्टुलावर बसून गावा पीत होते, अरबी कॉफी. ते ताडकन उठले. "सोत? वेन सोत?"

अरबीत सोत म्हणजे आवाज, वेन म्हणजे कुठे! त्यांना वाटलं, गाडीतून कसला तरी आवाज येतोय.

मला हसू आवरेना. मामूंनी डोळे वटारले. म्हातारा तर चक्क वाकून चासीला कान लावून बसला आणि हाताने खुणावायला लागला, ठोका, ठोका.

"ठोक रे," मामू म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवावा."

उजव्या बाजूला ठोकलं. टण्ण.

डाव्या बाजूला. टण्ण. टण्ण. मागच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या ब्रॅकेटजवळ आलो आणि ठप्प.

माझं हसूच पळालं.

ग्राइंडर मारला. रंगाखाली पुट्टी निघाली, आणि पुट्टीखाली हा एवढा तडा. तसंच जोडून दिलं असतं, तर एके दिवशी चालत्या गाडीत म्हाताऱ्याचा जीव गेला असता.

आणि नेमका त्याच वेळी कफील दारात!

त्याला काय दिसलं? गाडीचे दोन तुकडे, चासीला तडा, आणि माझ्या हातात हातोडा.

"खलास! ह्याने मोडली. ह्याचं तिकीट काढा."

माझी अरबी तेव्हा यथातथाच. पण 'तिकीट' कळायला अरबी कशाला लागते?

मामूंनी तड्यातला गंज दाखवला. अबू सालेह म्हणाले, तडा माझा आहे, मेंढ्या भरून गाडी खड्ड्यात घातली होती. पण कफील ऐकेना. जुना असेल तडा, पण जोडणार कोण? हा दरवाजेवाला?

यावर मामू काय म्हणाले, ते मला पुढे अरबी यायला लागल्यावर अबू सालेहनी सांगितलं.

"हाच जोडेल. मी हात लावणार नाही. तुटली तर दोन तिकिटं काढा, एक माझं."

पन्नाशी उलटलेला माणूस. इथून गेला असता तर दुसरी नोकरी कुणी दिली असती?

सूत काढलं. तडा खोल कोरून भरला. सांध्यांना आतून प्लेटा मारल्या. प्रोपेलर शाफ्ट आखूड केला. मामू खरंच हात न लावता बाजूला उभे होते. तोंड मात्र सारखं चालू!

बागेत अबू सालेहनी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी एका दमात वळली. म्हातारा हॉर्न वाजवतच सुटला.

कफीलने माझा इकामा करून आणला, म्हणजे इथे राहायचा, काम करायचा परवाना.

त्या इकाम्यावर माझा संसार उभा राहिला. पोरं शिकली. हे सगळं मामूंमुळे. दुसरं कुणी नाही.

एकदा मी विचारलं, "मामू, तुमची माझी ओळख किती दिवसांची? नोकरी कशाला पणाला लावलीत? माझं वेल्डिंग एवढं आवडलं?"

"डोंबलाचं वेल्डिंग! मेल्या, तू गेला असतास तर मी बोललो असतो कुणाशी? हिंदी बोलून बोलून जीभ वाळली होती माझी. इतक्या वर्षांनी कुणीतरी समोर उभं राहून 'आयला' म्हणालं. सोडतो काय तुला?"

मागच्या वर्षी मामू कायमचे घरी गेले.

आज गॅरेजमध्ये सगळ्यांना सांगितलं. हिंदीत सांगितलं, अरबीत सांगितलं. सगळे हळहळले.

मराठीत सांगायला इथे कुणी नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय.

लय उपकार झाले, मामू. अल्लाह तुम्हाला जन्नत देवो.

बरंय. या आता.