गार्डसाहेबांच्या कोटातली जाई

अकोल्यात माझं अत्तराचं दुकान आहे आणि ‘काहीही चांगलंसं द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला भारी राग येतो. धर्मपाल मात्र तसे नव्हते. बडनेऱ्याहून आले ते थेट पिशवीतून ड्यूटीचा जुना कोट काढून त्यांनी माझ्या नाकाशी धरला.

मालगाडीचे गार्ड म्हणून त्यांची सारी नोकरी रुळांवर गेली. दोन वर्षांपूर्वी बायको, सुंदराबाई, वारली. आता वैशाखात मुलीचं, ज्योत्स्नाचं, लग्न होतं.

“पोरीच्या लग्नाच्या पांढऱ्या साडीले तिच्या मायचा वास पाहिजे,” ते म्हणाले. “मांडवात माय हाये असं वाटलं पाहिजे तिले. हा वास वळखा. रोज हुंगतो मी. लय आठवण येते हो.”

कोटाच्या आतल्या खिशात अत्तराचा वाळका फाया होता. वास जाईचा.

“जाई थंडीत लावाची, साहेब. वैशाखात घामानं उग्र होते. उन्हाळ्यातल्या लग्नाले मोगराच.”

“मोसम नका सांगू मले. तिचा वास द्या!”

मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ कुठली ऐकते! सुंदराबाई माझ्याकडे वर्षातून दोनदा यायच्या आणि दोन वेगवेगळ्या अत्तरांच्या कुप्या न्यायच्या.

“बाई सोता मोगराच लावत, थंडीतबी,” मी सांगून टाकलं. “जाई तुमच्यासाठी नेत. म्हणत, ‘गार्डाच्या डब्यात एकटेच असतात ते. खिशात फाया ठेवून देते मी.’”

धर्मपाल कोटाकडे पाहत राहिले. मी मोगऱ्याची कुपी उघडून पुढे केली. त्यांनी डोळे मिटून वास घेतला. मग पुन्हा घेतला. मला उगाच बोललो असं झालं.

“मले हा आठवतच नाई,” ते म्हणाले. “घरी आलो का जेवो अन् झोपो. इतकी वर्षं शेजारी होती ती, अन् मी माहाच कोट हुंगत बसलो.”

त्यांनी साडीसाठी मोगरा घेतला. कोट नीट घडी करून पिशवीत ठेवला, पायरी उतरले आणि परत वर आले. मनगट माझ्यापुढे धरलं.

“थोडा इथंबी लावा, खुशालराव. लग्नाच्या आधी वळखाले पाहिजे मले.”