पिंपळाखाली बसलेली बाई

कतारच्या दोहा शहरात चढ नाही. पन्नाशीच्या तोंडावर नेपाळात मनास्लूच्या ट्रेकला जायचं ठरवलं, तेव्हा तयारीला आमच्या इमारतीचा जिनाच होता. अल हिलालमधली ही इमारत सात मजल्यांची. ऑफिसातून आले की सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरायच्या आणि जिना चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. मुलगी म्हणायची, "आई, पीपल आर वॉचिंग." बघणारा एकच होता, आमचा वॉचमन.

तो नेपाळी, माझ्याच वयाचा. आठ-दहा दिवस त्याने नुसतं पाहिलं, मग एकदा विचारलं. आम्ही हिंदीत बोलायचो. मी ट्रेकचं सांगितलं, तसा तो खुर्चीवरून उठलाच.

"गोरखा जिल्ह्यातून जाणार म्हणजे दीदी, तुम्ही माझ्या गावाखालून जाणार."

नेपाळातल्या मोठ्या भूकंपाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. तो झाला त्या दिवशी हा इथेच गेटवर होता. घर पडलं, आई वाचली, एवढं त्याला तीन दिवसांनी फोनवर कळलं. आई आता पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. त्याला स्वतःला अजून रजा मिळाली नव्हती.

जायच्या आदल्या आठवड्यात त्याने माझ्या हातात चष्म्याची एक डबी दिली. आईचा चष्मा ढिगाऱ्याखाली गेला होता. गावाजवळ डोळ्यांचं शिबिर झालं, तिथल्या चिठ्ठीवरचा नंबर त्याने फोनवर लिहून घेतला आणि एशियन टाउनमधल्या दुकानातून चष्मा करून आणला.

"वाटेवर पिंपळाचा एक पार लागेल. तिथून वर आमचं गाव. तुम्हाला कुणीही घर दाखवेल."

"मी स्वतः नेऊन देईन," मी म्हटलं. हे मी मनापासून म्हटलं होतं, आणि तेवढ्यावरच त्याने आईला फोन करून दिवससुद्धा कळवला.

आम्ही सहा जण होतो. दोघं दोहातले, बाकी पुण्याचे. काठमांडूहून जीपने निघालो. रस्ता जागोजागी खचलेला, कुठे अर्धाच उरलेला. जीप थांबली की ड्रायव्हर समोरून येणारी गाडी मागे घ्यायला लावायचा, मग पुढे. गावांत निळ्या ताडपत्र्या, नवे पत्रे आणि त्यांच्या शेजारी नीट रचून ठेवलेले जुन्या घरांचे दगड. पहिल्या मुक्कामाला लॉजच्या भिंतीत बोट जाईल एवढी भेग होती. मी मालकिणीला विचारलं, गरम पाणी का नाही? ती म्हणाली, पाइप अजून जोडायचाय. ती स्वतः मागे प्लायवूडच्या खोपटात झोपत होती, हे मला सकाळी दिसलं. वाटेत लोक हात जोडून सांगायचे, परत जाऊन सांगा की नेपाळ सुरू झालंय, या म्हणावं. आम्ही मोठ्या मनाने सांगायचो, सांगू.

चौथ्या दिवशी दरड आडवी आली. पूर्ण डोंगर नदीपर्यंत उतरला होता आणि त्याच्यावरून माणसाच्या पायाएवढी वाट गेली होती. गाइड वर बघत उभा राहायचा, एकेकाला सोडायचा. "थांबू नका, बोलू नका." मी पलीकडे पोचले तेव्हा उजवा गुडघा धरला होता.

त्यानंतर तासाभराने तो पार आला. पाठीवरचं ओझं टेकवायला बांधलेला दगडी पार, त्यावर पिंपळ. बाजूने वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या. त्या शाबूत होत्या, हे मला आजही स्पष्ट आठवतं.

मी गाइडला गावाबद्दल विचारलं. "आम्हाला चाळीस मिनिटं," तो म्हणाला. "तुमच्या गुडघ्याला दीड तास. मग उतरणं वेगळं. पुढचा मुक्काम अंधारायच्या आत गाठायचा आहे."

आमच्यातल्या एकाने विचारलं, "चष्मा कुठाय पण?"

चष्मा मोठ्या बॅगेत होता, आणि ती घेऊन पोर्टर केव्हाच पुढे गेला होता. हे लक्षात आलं तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. गाइड म्हणाला, पुढच्या गावात डबी कुणाकडे तरी देऊ, पोचवतील. मी लगेच हो म्हटलं.

पारावर एक म्हातारी बसली होती. हिरवी चोळी, डोक्याला फडकं, शेजारी टोपली. गाइड नळावर बाटल्या भरायला गेला, तशी ती उठली आणि एकेकाच्या अगदी जवळ जाऊन चेहरा न्याहाळू लागली. माझ्यापुढे आली, काहीतरी म्हणाली, आणि जाड सालीच्या काकडीची एक फोड माझ्यापुढे धरली. कच्चं काही खायचं नाही, असं आम्ही घरून ठरवून निघालो होतो. मला वाटलं, विकतेय. मी नमस्कार केला, "नको आजी," म्हटलं. मग मोबाइल दाखवून फोटो काढू का, असं खुणेने विचारलं. ती पारावर जाऊन सरळ बसली. मी फोटो काढला आणि आम्ही निघालो.

पुढच्या गावात पोचलो तेव्हा पाऊस होता, गुडघा सुजला होता. डबी कुणालाच दिली नाही. दुसऱ्या दिवशीही राहिली. खिंड ओलांडली की वाट दुसऱ्याच बाजूने उतरते, त्यामुळे परत तो पार लागायचा नव्हता. चष्मा माझ्याबरोबर दोहाला परत आला.

गेटवर मी डबी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "गावाकडची वाट खचली होती. कुणालाच जाऊ देत नव्हते."

हे वाक्य मी विमानात तयार केलं होतं. त्याने डबी खिशात ठेवली. "तुम्ही सुखरूप आलात ना दीदी, बस."

त्याच आठवड्यात दोहाबाहेर समैस्माला एका मैत्रिणीच्या व्हिलात आम्हा मराठी मंडळींचं जेवण होतं. सगळ्यांनी आग्रह केला म्हणून मी टीव्हीवर फोटो दाखवले. दरड दाखवली, खचलेल्या वाटेची गोष्ट सांगितली, ती आता माझ्या तोंडी चांगली बसली होती. मग त्या म्हातारीचा फोटो आला. मी म्हटलं, "एवढं सगळं गेलं, तरी चेहरा बघा, किती शांत." लोक हळहळले. कुणीतरी तो फोटो मागून घेतला.

दोन दिवसांनी मी भाजी घेऊन येत होते. वॉचमनने पिशवी हातातून घेतली आणि लिफ्टपाशी सहज बोलावं तसं बोलला.

"आईशी काल बोलणं झालं. तुम्हाला चढायचा त्रास नको म्हणून ती स्वतःच खाली उतरली होती. दोन दिवस पारावर बसली. शेतातली काकडी नेली होती. म्हणते, लोक खूप गेले, पण मला कुणाचा चेहरा नीट दिसेना."

लिफ्ट आली आणि गेली. मी घरी जाऊन भाजी तशीच ठेवली. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुला काय माहीत, ती त्याची आई आहे म्हणून?" त्याचं खरं होतं. पण वाट खचली नव्हती, हे तर मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले. त्याच्या खुर्चीसमोर उभी राहून सांगितलं, "वाट उघडी होती. मी गेले नाही. आणि तुमच्या आईला मी पाहिलं." मोबाइल पुढे केला.

त्याने तो दोन्ही हातांत धरला. त्याच्या आईकडे साधा बटणांचा फोन होता. चार वर्षांत त्याने तिचा चेहरा पाहिला नव्हता. तो बोटांनी फोटो मोठा करत गेला. कपाळ, कान, हात.

"बारीक झाली," तो म्हणाला.

मी माफी मागितली. तो ऐकत होता की नाही, कळेना. फोटोवरची नजर न काढता म्हणाला, "हा मला पाठवा." मग म्हणाला, "आईला मी सांगितलंय की तुमच्या लोकांनी ऐन वेळी दुसरी वाट धरली. तुम्ही पारावरून गेलातच नाहीत. वाट उघडी आहे हे मला माहीत होतं दीदी. पण तिला वाटायला नको, की समोरून माणूस निघून गेला."

मी खोटं बोलले होते, ते स्वतःला वाचवायला. त्याला त्याच्या आईशी खोटं बोलावं लागलं, ते माझ्यामुळे. तो गेट उघडायला गेला.

मार्चमध्ये त्याला रजा मिळाली. चष्मा त्याने स्वतः नेला. परत आल्यावर मी विचारलं, तर म्हणाला, तोवर आईच्या डोळ्यांचा नंबर बदलला होता. जिल्ह्याच्या गावी नेऊन दुसरा करून दिला. राग त्याच्या बोलण्यात नव्हता. मीच तो शोधत होते.

नंतर त्याने खोलीतून वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी आणली. गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेला पाला. "आईने दिलंय. दुसऱ्या वाटेने गेलेल्या दीदीला."

नको म्हणायचा मला हक्क नव्हता. कसं करायचं ते त्याच्याकडून विचारून घेतलं. बटाटा, टोमॅटो घालून पातळ कालवण केलं. मुलगी म्हणाली, "इट्स सावर, बट नाइस. कुणी दिलं?"

मी तिला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.