फक्त दाखवायचंय

“मी पेशंट नाय हाय बेटा, फक्त दाखवायचा हाय,” असं म्हणत हंसाबेन केबिनचं दार ढकलून आत गेल्यासुद्धा. ज्यांचा नंबर होता ते गृहस्थ बाकावरून अर्धे उठले होते. ते तसेच परत बसले आणि रागाने बघत राहिले. हंसाबेनकडे नाही, माझ्याकडे.

मुलुंड पूर्वेला एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनवर बसते. मी नर्स नाही. औषधातलं मला काही कळत नाही. सकाळच्या ओपीडीत, म्हणजे पेशंट तपासायच्या वेळेत, नंबर देणं, केस पेपर काढून ठेवणं आणि फोन घेणं एवढंच माझं काम. ओपीडी साडेबाराला संपते. एक वाजता पश्चिमेला माझं कॉलेज सुरू होतं. मधे पूल ओलांडायचा, शेअर रिक्षा पकडायची. हिशोब अगदी झकास बसत होता, म्हणून तर ही नोकरी धरली. माझी फी तिच्यातूनच जाते.

पण मी नोकरीला लागल्यापासून ओपीडी साडेबाराला एकदाही संपली नव्हती. शेवटचा पेशंट जाईपर्यंत मला उठता येत नसे. रोजच एक वाजून जायचा. पहिलं लेक्चर अकाउंट्सचं. मी धापा टाकत पोचायचे तेव्हा मुलं वह्या मिटत असायची.

मग एक दिवस नोटीस बोर्डवर डिफॉल्टर लिस्ट लागली. हजेरी कमी असलेल्यांची यादी. त्यात माझं नाव होतं, पूर्ण, बाबांच्या नावासकट.

क्लास टीचर मॅडम वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, “प्रज्ञा, महिनाअखेर दुसरी यादी लागेल. तिच्यात नाव आलं तर परीक्षेचा फॉर्म अडकेल. मग मी काही करू शकणार नाही. समजलं ना?”

समजलं होतं. घरी समजावणं अवघड होतं. बाबा एका सोसायटीत वॉचमन आहेत. ते मूळचे जालन्याकडचे, सातवीपर्यंत शिकलेले. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच.

“फी भरली ना?” बाबांनी विचारलं.

“भरली.”

“पुस्तकं घेतली?”

“घेतली.”

“मग पेपरला बसू का नाही देणार? पैसे घेतलेत त्यांनी!”

“बाबा, वर्गात बसावं पण लागतं.”

“मग बस की!”

म्हणजे गाडी फिरून दवाखान्यावरच आली. ओपीडी वेळेवर संपली तरच मी वर्गात बसणार. नोकरी सोडली तर फी नाही, आणि नाही सोडली तर परीक्षा नाही.

मी यूट्यूबवर टाइम मॅनेजमेंटचे व्हिडिओ बघायला लागले. (ते बघण्यातही बराच वेळ गेला.) त्यातल्या एकात सांगितलं होतं, आधी वेळ कुठे जातो ते बघा. मी दोन-तीन दिवस नीट लक्ष ठेवलं. वेळ खऱ्या पेशंटमध्ये जात नव्हता. तो जात होता हंसाबेनसारख्यांमध्ये.

कोणाचा रक्ताचा रिपोर्ट आलेला असतो. कोणाचे टाके सुकलेत का बघायचं असतं. कोणाला नवीन गोळीने झोप येते. याला फॉलो-अप म्हणतात, म्हणजे उपचार सुरू केल्यावर पुढे काय झालं ते बघणं. खरं तर हे पटकन होणारं काम. पण ही माणसं नंबर घेत नाहीत. नंबर पेशंट घेतात, आणि त्यांच्या मते ते पेशंट नसतातच. त्यांना ‘फक्त दाखवायचं’ असतं. दर दोन पेशंटच्या मधे असा एक जण घुसतो आणि तपासून घेणाऱ्यापेक्षा जास्त वेळ आत बसतो.

पहिला उपाय म्हणून मी बोर्ड केला. कॉलेजच्या प्रोजेक्टचा चार्ट पेपर उरला होता. त्यावर स्केचपेनने लिहिलं, ‘नंबरशिवाय आत जाऊ नये’, आणि केबिनच्या दाराला चिकटवलं.

सगळ्यात आधी आले परब काका. निवृत्त आहेत, एकटेच राहतात, आणि घरच्या मशीनवर रोज बीपी मोजून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहितात. ते पान फाडून डॉक्टरांना दाखवायला आणतात. काकांनी दारासमोर उभं राहून बोर्ड मोठ्याने वाचला.

“अक्षर बरां आसा गो तुजां,” ते म्हणाले, आणि दार ढकलून आत गेले.

“काका, नंबर!”

“माका कित्याक नंबर? माका फकत बीपी दाखवूचो आसा.”

बोर्ड दोन दिवसांनी मीच काढला.

दुसरा उपाय व्हिडिओतला होता. सारखी छोटी कामं मधे मधे करू नका, एकत्र करून एकदाच उरका. मला ते पटलं. मी सरांना, म्हणजे आमच्या डॉक्टरांना, घाबरत घाबरत विचारलं, “सर, सकाळचा पहिला अर्धा तास फक्त दाखवणाऱ्यांना दिला तर? त्यांना नंबरच नको. साडेनऊ ते दहा कोणीही या, दाखवा. नंतर मात्र फक्त नंबरवाले.”

“आयडिया चांगली आहे,” सर म्हणाले. “कर सुरू.”

मी सगळ्यांना फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी शटर उघडायच्या आधीच पायरीवर गर्दी. बघते तर सगळं मुलुंड ‘फक्त दाखवायला’ आलेलं. एक जण शालीत गुंडाळलेला, दात वाजतायत. म्हणे, “फक्त ताप दाखवायचाय.” एक बाई कमरेला हात लावून, भिंतीला धरून उभ्या. “फक्त कंबर दाखवायचीय गं.” एका आईने तिन्ही मुलांना आणलं होतं. “यांचे घसे फक्त बघा म्हणावं.”

त्या दिवशी दहाचे अकरा झाले. मग नंबरवाले सुरू झाले. त्या दिवशी मी कॉलेजला गेलेच नाही. पोचेपर्यंत कॉलेज सुटलं असतं, गेटवरूनच परत यावं लागलं असतं. वाट लागली होती, ती आता पूर्ण लागली.

दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर मी केस पेपर लावत होते. सर बाहेर आले. माझा चेहरा बघून म्हणाले, “काय झालं गं? ये आत. बस.”

मी बसले. आणि डिफॉल्टर लिस्टचं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, तुझी अडचण तू बघ. पण त्यांनाच वाईट वाटलं.

“अगं मग आधी सांगायचं ना! उद्यापासून मी भराभर संपवतो. बघच तू.” आणि मग ते म्हणाले, “आमच्या वेळी पण एक सर होते हजेरीवाले…”

त्यांनी मला त्यांच्या कॉलेजची गोष्ट सांगितली. त्या सरांच्या वर्गात एकाने दुसऱ्याची हजेरी लावली, आणि नेमका तो दुसराही वर्गातच निघाला. गोष्ट खरंच मजेची होती. मग कॅन्टीनचा विषय निघाला. मग कॅन्टीनमधल्या उसळीचा. मी हसत होते आणि घड्याळाकडे बघत होते, आणि तेवढ्यात मला दिसलं. म्हणजे कित्येक दिवस डोळ्यांसमोर होतं, ते आत्ता दिसलं.

“सर, एक बोलू? रागावणार नाही ना?”

“बोल की.”

“सर, तुम्ही ‘बसा’ म्हणता.”

“कोणाला?”

“सगळ्यांना. कोणी रिपोर्ट घेऊन आलं की तुम्ही आधी म्हणता, ‘या, बसा.’ मग ते बसतात. मग तुम्ही विचारता, ‘मुलगा काय म्हणतो?’ मग ते सांगतात.”

मला बाबांचे शब्द आठवले. आदल्या रात्रीच ते म्हणाले होते, “साहेबाला वेळ शिकवायला जाऊ नको हां. नोकरी जाईल.”

“अगं, पण मग काय ‘उभे राहा’ म्हणू?” सर म्हणाले. “आपल्याकडे आलेल्या माणसाला?” मग त्यांचं लक्ष माझ्या खुर्चीकडे गेलं. “आत्ता तुला पण मी ‘बस’ म्हटलं, नाही?”

“हो सर.”

“आणि किती वेळ झाला?”

“उसळीपर्यंत आलो आपण, सर.”

ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग उठले. केबिनमध्ये खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. एक कागद हातात घेऊन उजेडात धरून बघितला. परत फिरून म्हणाले, “लोकांना उभं नाही करायचं. उद्यापासून मीच उभा राहतो.”

मला आधी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं. दाखवायच्या अर्ध्या तासात सर त्यांच्या खुर्चीत बसलेच नाहीत. ते खिडकीपाशी उभे. माणूस आत आला की ते पुढे होऊन कागद घ्यायचे, खिडकीच्या उजेडात बघायचे, दोन वाक्यं बोलायचे. वयस्कर माणसांसाठी तिथेच एक स्टूल ठेवलं होतं. पण डॉक्टर स्वतः उभे आहेत म्हटल्यावर कोणी गप्पांना बूड टेकवेना. तपासायची गरज वाटली तर सर म्हणायचे, “हे असं उभ्याने नको. नंबर घ्या, नीट बघू.” कालचा शालवाला पुन्हा आला होता, त्याला त्यांनी दारातूनच माझ्याकडे नंबरला पाठवलं.

हंसाबेन बाहेर आल्या त्या चकितच झालेल्या. “बेटा, एवढा पटकन झाला? मी तर भाजी पण नाय घेतली, म्हटलं टाइम लागेल.”

त्या दिवशी ओपीडी साडेबाराच्याही थोडी आधी संपली. मी पूल ओलांडून वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसले. अकाउंट्सच्या सरांनी मला नवीन ॲडमिशन समजून नाव विचारलं.

सगळं छान चाललं होतं. पण तीन-चार दिवसांनी परब काका केबिनमधून लगेच बाहेर आले आणि माझ्या टेबलापाशी घुटमळले. कॅलेंडरचं पान हातात तसंच.

“डॉक्टर माज्यार रागावले काय गो?”

“नाही हो काका. का?”

“बसा म्हणूक नाय. बीपी बघल्यानी, ‘बरा आसा’ म्हटल्यानी, आणि झाला.” त्यांनी पानाची बारीक घडी घातली. “बरा तर आसाच. ता माका ठाऊक आसा.”

वेळ वाचवताना मी काकांचं काय काढून घेतलं, ते तेव्हा कळलं. ते बीपी दाखवायला येतच नव्हते.

मी सरांना सांगितलं. मला वाटलं, आता सगळं पुन्हा पहिल्यासारखं होणार, आणि माझं लेक्चर गेलं. पण सर म्हणाले, “माझं पण काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय गं. दिवसभर कोणाशी बोललोच नाही असं होतं.” आणि मग, “काकांना म्हणावं, उद्या साडेबाराला या. कागद नको. नुसते या.”

आता रोज तसंच होतं. शेवटचा पेशंट गेला की मी पर्स उचलते. सर बाहेर येऊन बाकावर बसतात. समोरच्या टपरीवरून चहा येतो. परब काका येतात, कधी हंसाबेन भाजीच्या पिशवीसकट थांबतात. सर म्हणतात, “या, बसा,” आणि आता ते कितीही वेळ बसू शकतात, कारण मागे कोणी खोळंबलेलं नसतं. शटर सर स्वतः ओढतात. मी पायऱ्या उतरताना काका हाक मारतात, “चेडवा, धाव! हजेरी जायत!”

महिनाअखेरीस दुसरी यादी लागली. मी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. माझं नाव नव्हतं. मी फोटो काढून बाबांना पाठवला.

लगेच त्यांचा फोन आला. आवाज घाबरलेला. “प्रज्ञा, मी दोनदा बघितलं. यादीत तुझं नाव नाही गं!”

“नाहीच आहे, बाबा.”

“मग आता?”

आमच्या घरात आजवर कुठल्याही यादीत नाव येणं म्हणजे काहीतरी मिळणं होतं. नाव नसलेलं चांगलं, हे त्यांना पटवायला मला पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वेळ लागला. पटल्यावर मात्र त्यांनी सोसायटीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, “पोरीचं नाव यादीत आलं नाही!” लोक सांत्वन करून गेले, असं आई म्हणाली.

टाइम मॅनेजमेंटचे व्हिडिओ मी आता बघत नाही. एवढं मात्र शिकले की मोबाईलवर येणारा प्रत्येक मेसेज हंसाबेनसारखाच असतो. नंबर न घेता आत घुसतो आणि म्हणतो, फक्त दाखवायचंय. म्हणून अभ्यासाला बसताना मी मोबाईल भिंतीवरच्या फळीवर ठेवते. बघायचा झाला तर उठून बघते, तिथेच, उभ्याने. त्याला मी ‘बसा’ म्हणत नाही.