कानशिलावरची खिडकी

रशीदचाचांना मी अडाणी म्हटले होते. ते अडाणी नव्हते, खोटा मी होतो. नऊ वर्षे हे मी कुणालाही सांगितले नाही.

सावेडीतल्या आमच्या शाळेच्या बागेत सिमेंटचे प्राणी गवंडीकाम करणाऱ्या चाचांनी घडवले. विज्ञानशिक्षक म्हणून देखरेख माझ्याकडे होती. कोणताही प्राणी उभा करण्याआधी ते त्याच्या कवटीचे चित्र मागत. "कातडं नंतर, सर. आधी जबडा बोलतो," हे त्यांचे ठरलेले वाक्य. पाठीवर उंच शीड असलेल्या डायमेट्रोडॉन या प्राचीन शिकाऱ्याची कवटी ते दोन दिवस न्याहाळत होते. मग म्हणाले, "सर, कानशिलावर बोट ठेवा अन् दात आवळा. हाललं?"

हलले.

"जबड्याचा स्नायू हाय त्यो, कवटीच्या भोकात, खिडकीत बसतो. तुमच्याच पुस्तकात बघा, डायनासोरला डोळ्यामागं दोन खिडक्या. ह्याला एकच. आपल्यालाबी एकच. दात बघा, पुढं सुळे, मागं बारीक. ह्यो डायनासोर न्हाई, आपल्या भावकीतला हाय. बाप न्हाई, पर लई लांबचा चुलता."

"चाचा, तुम्ही सिमेंट सांभाळा," मी हसून म्हणालो आणि पाटीवर 'डायनासोर' असेच लिहायला लावले.

उद्घाटनाला राहुरीहून आलेल्या प्राध्यापिका त्या पाटीपाशी थबकल्या. "हा तर सस्तन प्राण्यांच्या शाखेतला. डायनासोर जन्मण्याच्या कितीतरी आधी संपलेला. कोणी लिहिलं हे?"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिले. मी पटकन उत्तर दिले,

"मिस्त्रींनी. अडाणी माणूस आहे."

चाचा चार पावलांवर उभे होते. त्यांचे कानशील हललेले मला दिसले. बागेतले पुढचे प्राणी दुसऱ्या कारागिराला दिले गेले.

गेल्या महिन्यात ते शीड तडकले. दुसरे कुणी हात लावीना, म्हणून चाचांनाच बोलावले. आता त्यांचा हात थरथरतो. कवटीचे चित्र मात्र त्यांनी याही वेळी मागितले. काम संपल्यावर परिपाठात त्यांचा सत्कार झाला. शाल घालताना मुख्याध्यापक माइकवर म्हणाले, "मिस्त्री, या वेळी पाटी सरांना विचारून लिहा हं!"

मुले हसली. चाचाही हसले. त्यांचे कानशील पुन्हा हलले.

मी उठलो. माइक घेतला.

"ती पाटी मी लिहायला लावली होती. चाचांनी मला अडवलं होतं, आणि त्यांचंच बरोबर होतं. दोष मी त्यांच्यावर ढकलला. चाचा, तेव्हा सगळ्यांसमोर तुम्हाला अडाणी म्हणालो होतो. आज सगळ्यांसमोरच तुमची माफी मागतो."