यलोस्टोनला जायचं, पण आधी मीटिंग

दोष सुधीरकाकांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला शोधत बसायला नको.

बाकी आमच्या मिनेसोटातल्या, ईडन प्रेरीच्या मराठी मंडळींचे किस्से न बोलावता जमतात. दर शनिवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये पॉटलक असतो, प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचा. माणूस जेवायला जातो आणि उरलेल्या भाजीच्या डब्याबरोबर एक किस्सा घरी घेऊन येतो. यलोस्टोनच्या ट्रिपने तर एवढे किस्से दिले, की ट्रिप व्हायची गरजच उरली नाही.

मी म्हणजे इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलेला मुलगा. माझं नाव घेताना इथल्या काकू आवाज खाली आणतात. कॉलेज सोडून मी एका स्पोर्ट्सच्या दुकानात फिशिंगच्या काउंटरवर लागलो आणि तिथेच फ्लाय फिशिंगचा नाद लागला. एकदा डेमो द्यायला मोंटानाहून वॉल्ट नावाचा म्हातारा आला. यलोस्टोन नॅशनल पार्कच्या वेशीवर त्याचं दुकान. टूरिस्टांना नदीवर नेऊन मासे धरायला शिकवतो. माझं कास्टिंग, म्हणजे गळ फेकणं, बघून म्हणाला, "जूनमध्ये ये. एक दिवस माझ्याबरोबर पाण्यात उभा राहा. पटलास तर सीझनभर काम देतो."

मला कुणी आपणहून बोलावल्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ!

माझी गाडी शेजारच्या सेंट पॉलपर्यंत गेली तरी धूर सोडायची. म्हणून बाबांकडे व्हॅन मागितली. बाबा म्हणाले, "सुधीरला विचारू." व्हॅन आमची, विचारायचं सुधीरला! पण बाबा चपला घेतानाही सुधीरला विचारतात. आणि सुधीरकाका आहेत प्रोजेक्ट मॅनेजर. त्यांना काहीही विचारलं की त्याचा प्रोजेक्ट होतो. आठवड्याभरात माझ्या ट्रिपला चार फॅमिली चिकटल्या.

*

पहिली मीटिंग काकांच्या बेसमेंटमध्ये. काकांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला. पहिलीच स्लाइड रिस्कची. रिस्क नंबर एक: अस्वल. रिस्क नंबर दोन: मी. ड्रायव्हर म्हणून.

मी समजावलं, की अस्वलांमुळे तंबूत खायची एकही वस्तू ठेवता येत नाही. टूथपेस्टसुद्धा नाही. वास येतो. सगळे एकदम गंभीर झाले. शोभाकाकूंनी, म्हणजे सुधीरकाकांच्या बायकोने विचारलं, "पण लोणचं चालेल ना? ते काय, बरणीतच असतं!"

*

मग फ्लाय फिशिंग म्हणजे काय, हे सांगायची पाळी आली. "गळाला पिसं बांधून खोटी माशी करायची. माशाला ती खरी वाटते."

"थोडक्यात, बिचाऱ्याला फसवायचं," काका म्हणाले. "जमेल तुला. कॉलेजला जातो सांगून बापाला सहा महिने फसवलंसच की!"

सगळं बेसमेंट हसलं. बाबासुद्धा. मीही हसलो. ही माझी लायकी.

सावंतकाकू मूळच्या मालवणच्या. त्यांनी ट्रिपसाठी तिरफळं आणि कोकमं काढून ठेवली होती. त्यांना सांगावं लागलं, की तिथला मासा पकडून परत सोडायचा असतो, पार्कचा नियमच आहे.

"सोडायचा? कुठे?"

"पाण्यात."

"आणि आधी तो कुठे असतो?"

"पाण्यातच."

"मग एवढं सोळा तास ड्राइव्ह करून तू नक्की करणार काय?"



*

तिसऱ्या मीटिंगला मला शायनिंग मारायची हुक्की आली. म्हटलं, चला, बॅकयार्डमध्ये दाखवतो कास्टिंग कसं करतात. सगळे प्लेटी घेऊन डेकवर आले. मी रॉड मागे नेला, मनगटाला झकास झटका दिला, आणि लाइन पुढे यायच्या ऐवजी मागेच अडकली. मी ओढली. अनुभवी माणूस ओढत नाही. मी जोरात ओढली.

शोभाकाकूंच्या कढीपत्त्याचा शेंडा उडून गवतात पडला.

मिनेसोटात कढीपत्ता जगवणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. थंडीत त्याला हीटरशेजारी जागा असते, वेगळा दिवा असतो, इंडियाला जाताना त्याच्यासाठी बेबीसिटर शोधतात. त्या दिवशी ऊन पडलं म्हणून कुंडी यंदा पहिल्यांदाच बाहेर काढली होती.

"दोन विंटर काढले रे त्याने!" काकूंच्या डोळ्यांत पाणी.

"आणि याने दुसरं वर्ष नाही काढलं," काका म्हणाले.

*

कॅम्पसाइटचं बुकिंग काकांकडे. मी दर शनिवारी विचारायचो, आणि काका म्हणायचे, "हेडकाउंट फायनल होऊ दे." कसलं फायनल! श्रूजबरीहून कुणाचा तरी मेहुणा यायचा होता. मेहुण्याचे आईवडील नागपूरहून आलेच आहेत, तर त्यांनाही घेऊ. तोवर पार्कमधल्या जागा संपल्या. काकांनी अगदी शांतपणे किचनवालं मोटेल बुक केलं. माउंट रशमोरजवळ!

"अरे, रस्त्यातच आहे. पोरांना डोंगरात कोरलेले चार प्रेसिडेंट बघता येतील. मासे काय, कुठेही असतात."

तिथून यलोस्टोन आणखी एक अख्खा दिवस. मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो, "मला नको तुमची व्हॅन! मी एकटा जाईन! बसने जाईन!"

मग शोभाकाकू म्हणाल्या, "बसमध्ये खायला काय देऊ?"

मी म्हणालो, "दशम्या."

*

शेवटचा पॉटलक आमच्याकडे होता. वॉल्टचा नंबर मी फ्रिजवर चिकटवला होता, तो काकांनी पाहिला. "असं एकट्या पोराला कोण ओळखणार तिथे? मोठ्या माणसाने शब्द टाकावा लागतो," म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत फोन स्पीकरवर! सगळे हातात प्लेटी घेऊन भोवती.

काका इंग्लिशमध्ये सुरू झाले. मुलगा चांगल्या घरातला आहे. वडील सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या पोस्टवर आहेत. मुलगा दारूला शिवत नाही. वॉल्ट प्रत्येक वाक्यानंतर "ओके" म्हणत होता.

"आणि तुम्ही अजिबात काळजी करू नका," काका म्हणाले. "ही फक्त हॉबी आहे. ऑगस्टमध्ये तो कॉलेजला परत जातोय. मला प्रॉमिस केलंय त्याने."

मी असलं कुठलंही प्रॉमिस केलं नव्हतं.

वॉल्ट मग म्हणाला, "मला ऑक्टोबरपर्यंत माणूस हवाय. पोरगा आहे का तिथे?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. या खोलीतल्या प्रत्येकाला मी कधी ना कधी तोंडावर सुनावलेलं आहे. माझ्या तोंडात अख्खी कोथिंबीरवडी होती. समोर बाबा. काकांचं ते प्रॉमिस खरं मानून, कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदाच ते माझ्याकडे कौतुकाने बघून हसत होते.

वडी गिळून झाली. मी काही बोललो नाही.

"आहे ना, इथेच आहे," काका फोनमध्ये म्हणाले. "जरा लाजाळू आहे."

वॉल्टने दुसरा मुलगा ठेवला. कॉलेजला मी गेलो नाहीच.