उपाशी माणसाला वाढताना

नल्लकुंट्यातल्या आमच्या घरात जेवताना "पुरे" म्हणायची मुभा नाही. ताटावर आडवा धरलेला हात आई बाजूला सारते आणि वर दटावते, "नक्को-गिक्को काही नाही, खाय गुमान." अशा घरात वाढलेली मी फौजेत नर्स झाले. शांतिसेनेबरोबर परदेशी गेले, तेव्हा माझ्या वाट्याला काम आलं ते उपाशी माणसांना जेवू न देण्याचं.

बंडखोरांच्या ताब्यातली कैद्यांची छावणी मी पोचले त्याच्या आदल्याच दिवशी सुटली होती. आत माणसं होती, पण अंगावर मांस म्हणून नव्हतं. आमच्या एका जवानाला राहवलं नाही. त्यानं आपली बिस्किटं आणि डब्यातलं दूध वाटून टाकलं. महिनोन्महिने उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम पोटभर अन्न सोसत नाही, हृदय बंद पडतं. सकाळपर्यंत ते खाल्लेल्यांपैकी काही गेले. जवान भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याला बोल लावायला माझी जीभ उचलेना. माझ्या आईनं तर याहून जास्त वाढलं असतं.

मग डॉक्टरांनी मला दुधापाशी बसवलं. थोड्या थोड्या वेळानं प्रत्येकाला पातळ दुधाचे काही चमचे, बस्स. माझ्याकडच्या खाटांवर एक बाई होती, माझ्याच वयाची असावी. ती पातेल्याकडे बघायची, माझा हात धरून तळव्याचे मुके घ्यायची. मी हात सोडवून घ्यायचे. ती जगावी म्हणूनच हे चाललंय, असं दुभाष्याकरवी परत परत सांगायचे. एका दुपारी तिनं हात धरला नाही, दुभाष्याला काहीतरी म्हणाली. तो सांगेना. मी खनपटीलाच बसले तेव्हा म्हणाला, "ती म्हणते, पहारेकरी तेवढे बदलले."

संध्याकाळी ती गेली. एवढं जपूनही गेली, आणि उपाशीच गेली. माझं काही चुकलं नाही असं डॉक्टर म्हणाले. ते मलाही कळतं. त्यानं काडीचाही फरक पडत नाही.

सुटीवर घरी आले तर आई शेजारणीला कौतुकानं सांगत होती, "उपाशी लोकांना जेवू घालून आली माझी लेक. याहून मोठं पुण्य काय हो?" मग माझ्या भातावर खट्टी दाळ ओतता ओतता तिनं विचारलं, "पोटभर वाढलंस ना गं त्यांना?"

"हौ आई," मी म्हटलं आणि ताट पुढे केलं.